धुरळणीचा खर्च मंजूर करण्याआधी सोसायटीची पाहणी करू

मा. अध्यक्ष,
सप्रेम नमस्कार.

डास मारण्यासाठी दर पंधरा दिवसांनी धुरळणी (धुराची फवारणी) करून घेण्याचा ठराव कमिटीसमोर आहे, असं कळलं. माझी विनंती आहे की त्याआधी आपण रहिवाशांनीच मिळून सोसायटीची नीट पाहणी करावी. धुराने फक्त उडते डास मरतात, साचलेल्या पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही आणि आठवडा-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. डेंग्यूचा डास वाढतो स्वच्छ पाण्यात, म्हणजे कुंड्यांखालच्या ताटल्यांत, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, गच्चीवरच्या उघड्या टाकीत. तिथे धूर पोहोचत नाही.

पण मला जास्त काळजी पाण्याची वाटते. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे, म्हणजे हातापायांतली ताकद जाणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, रुग्ण पुण्यात आपल्याच सिंहगड रोड परिसरात, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागांत सापडले होते. त्यातल्या काहींच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू आढळला; त्याच्या संसर्गानंतर जीबीएस होऊ शकतो. दूषित पाण्यातून आणि अन्नातून तो पोटात जातो. तेव्हा घरोघरी पाणी उकळलं जात होतं. आता तो विषय मागे पडलाय, पण आपल्या खालच्या टाकीत कॉर्पोरेशनचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी आजही एकत्रच पडतं.

बी विंगसमोरचा ड्रेनेजचा चेंबर त्या टाकीपासून जेमतेम चार पावलांवर आहे. जोराचा पाऊस झाला की तो तुंबतो आणि काळं पाणी टाकीच्या झाकणापर्यंत येतं. झाकणाचं रबर एका बाजूने निघालंय. गेल्या रविवारी आम्ही काही जणींनी क्लोरीनची ओटी टेस्ट करून पाहिली; पाण्यात क्लोरीन असेल तर औषधाच्या थेंबाने ते पिवळं होतं. टाकीजवळच्या नळाच्या पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, सी विंगच्या वरच्या मजल्यावरचं पाणी मात्र बिनरंगीच राहिलं. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. एका टेस्टवरून निष्कर्ष काढू नये हे मान्य, म्हणूनच ती महिनाभर, प्रत्येक विंगमध्ये, ठरलेल्या वेळी व्हायला हवी.

त्याबरोबर प्रत्येक फ्लॅटमध्ये विचारावं: गेल्या तीन महिन्यांत कुणाला ताप, जुलाब, उलट्या झाल्या का? नावं नकोत, फक्त विंग आणि मजला. हे सोसायटीच्या नकाशावर मांडलं की त्रास कुठे एकवटलाय ते दिसेल. वॉचमन, सफाई कामगार आणि घरकामाच्या मावशी यांनाही जरूर विचारावं. त्या सगळ्यांचं पिण्याचं पाणी बागेतल्या नळाचं असतं आणि त्या नळाला फिल्टर नाही.

प्रत्येक विंगमधून दोन जण मिळाले तर काम होईल. सी विंगची जबाबदारी मी घेते. पाण्याचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यायला आणि महापालिकेच्या आरोग्य निरीक्षकांना पाहणीच्या वेळी बोलवायला कमिटीचं पत्र लागेल, ते कृपया द्यावं. धुरळणीचा ठराव तोवर थांबवून हा विषय येत्या मीटिंगच्या अजेंड्यावर घ्यावा. टाकीच्या झाकणाचं काम मात्र मीटिंगची वाट न पाहता याच आठवड्यात करून घ्यावं.

कळावे,
आपली नम्र,
एक सभासद, सी विंग