रिमोटवरून रिग चालवणाऱ्या सभासदांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,
शॅकमधली (आपल्या हॅम रेडिओ खोलीतली) आयसी-७३०० ही रिग, म्हणजे रेडिओ संच, घरून नेटवरून वापरता तेव्हा कृपया जरा जपून. परवा एकाचं नेट मध्येच गेलं आणि रिग ट्रान्समिटवरच राहिली. शेजारी बसलेल्यांनी स्विच बंद केला तेव्हा मागचा पंखा घोंघावत होता, हीटसिंकला हात लावता येत नव्हता. कारण साधं आहे: सीआय-व्हीवरून (संगणकाने रिगला आज्ञा देण्याच्या जोडणीवरून) 'पीटीटी चालू', म्हणजे 'प्रक्षेपण सुरू कर', अशी आज्ञा गेली की 'बंद' येईपर्यंत रिग थांबत नाही, आणि नेट तुटल्यावर ती आज्ञा येणार कुठून? एफटी८चं (छोटे संदेश पाठवायच्या डिजिटल पद्धतीचं) एक प्रक्षेपण जेमतेम १३ सेकंदांचं, म्हणून लांबलेलं प्रक्षेपण आपोआप थांबवणारा टाइम-आउट टायमर आता ३ मिनिटांवर लावला आहे. त्याला हात लावू नका. एफटी८ला ३० वॅट पुष्कळ होतात.

रिगसीटीएलडीचा (नेटवरून रिग चालवू देणाऱ्या प्रोग्रॅमचा) ४५३२ पोर्ट राउटरवर थेट उघडू नका, त्याला सहसा पासवर्ड नसतो. व्हीपीएनमधूनच (सुरक्षित खाजगी जोडणीतूनच) या. लॉगिन घरच्यांनाही देऊ नका. परवाना तुमचा आहे, त्यांचा नाही.

ढग गडगडू लागले की अँटेना काढून ठेवली जाईल. तेव्हा एसडब्ल्यूआर (अँटेना रिगशी किती जुळते याचं माप) वाढलेला दिसला तर ट्यूनर (ती जुळवणारं बटण) दाबत बसू नका, आधी ग्रुपवर विचारा.

– शॅक व्यवस्थापक