बर्फाचे यंत्र घेताना मे महिन्याचा हिशेब करावा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

उन्हाळा तोंडावर आला की आमच्या नागपुरात रेस्टॉरंट आणि परमिट रूम चालवणारे आइस मशीनच्या चौकशीला लागतात. हॉटेलांतील शीतयंत्रांची दुरुस्ती हा माझा व्यवसाय असल्याने या खरेदीचे पुढे काय होते ते मला जवळून दिसते. ही खरेदी बहुतेक वेळा माहितीपत्रकावरच्या एकाच आकड्याकडे पाहून होते आणि नेमकी गर्दीच्या, उकाड्याच्या दिवसांत ती तोकडी पडते. यात मालकाचे नुकसान होतेच, पण ग्राहकाच्या आरोग्याचाही प्रश्न असल्याने हे पत्र लिहीत आहे.

'चोवीस तासांत 100 किलो' असे माहितीपत्रकावर ठळक छापलेले असते. तो आकडा बहुधा 21 अंश सेल्सिअसची हवा आणि 10 ते 15 अंशांचे पाणी धरून काढलेला असतो आणि ही अट तळाशी बारीक अक्षरांत दिलेली असते. विदर्भात मे महिन्यात बाहेर 45 अंश तापमान असते. भट्टी आणि तंदूर पेटलेल्या स्वयंपाकघरात वेगळे काही सांगायला नको, आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारे पाणी दुपारी हाताला चटका देते. 10 अंशांच्या एक किलो पाण्याचा बर्फ करायला जेवढी उष्णता काढावी लागते, त्याच्या सव्वापटीहून अधिक उष्णता 35 अंशांच्या पाण्यातून काढावी लागते. त्यातच भोवतालची हवा तापलेली असल्याने कंडेन्सरला ती उष्णता बाहेर टाकणे जड जाते. परिणामी उत्पादन एक तृतीयांशाने, कधी त्याहूनही अधिक घटते. कित्येक यंत्रांच्या पुस्तिकेत तर 40 अंशांच्या आसपासच्या हवेपुढे ती चालवूच नयेत असे स्पष्ट म्हटलेले असते. ती पुस्तिका वाचली जाते यंत्र बंद पडल्यावर.

दुसरी गफलत तासांच्या हिशेबात होते. दिवसाला 100 किलो म्हणजे तासाला जेमतेम चार किलो. रात्री आठ ते बारा या वेळेत यंत्रातून फार तर सोळा-सतरा किलो नवा बर्फ मिळणार. बाकीची गरज दुपारपासून पेटीत साठलेल्या बर्फावरच भागते. साधारण आडाखा असा की जेवायला येणाऱ्या माणसामागे पाऊण किलो आणि बारमध्ये बसणाऱ्यामागे सव्वा ते दीड किलो बर्फ लागतो. रात्री साठ जण जेवणारे आणि तीस जण बारमध्ये बसणारे असतील, तर एका रात्रीची गरज नव्वद किलोंच्या आसपास जाते. उन्हाळ्यात साठ-पासष्ट किलोंवर आलेले यंत्र आणि त्याखालची पंचवीस-तीस किलोंची पेटी एवढ्यावर शनिवारची रात्र निभणे शक्य नाही. पेटी भरली की यंत्र आपोआप थांबते, त्यामुळे लहान पेटी घेणाऱ्याला दुपारच्या निवांत वेळेचा फायदाच मिळत नाही. म्हणून मी यंत्रापेक्षा पेटी मोठी घ्या असे सांगतो. मात्र ही पेटी फक्त उष्णतारोधक असते, ती स्वतः गारवा निर्माण करत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. लांबलेल्या लोडशेडिंगमध्ये साठा वितळणारच.

आणि बर्फ संपला की काय होते? पोऱ्याला लादी आणायला पिटाळले जाते. गोणपाटात गुंडाळलेली लादी मागच्या दाराशी ओल्या फरशीवर टेकवली जाते, टोच्याने फोडली जाते आणि तिचे तुकडे, गोणपाटाच्या तंतूंसकट, त्याच पेटीत यंत्राच्या स्वच्छ बर्फावर ओतले जातात. हे दृश्य मी चांगल्या नावाजलेल्या ठिकाणीही पाहिले आहे. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचे बंधन महाराष्ट्रात 2018 पासून आहे, ते मासळी आणि इतर माल थंड ठेवण्याचा बर्फ लोकांच्या पेल्यात जाऊ नये म्हणूनच. परंतु पिण्याच्या पाण्याची पांढरी लादीसुद्धा अशा हाताळणीनंतर शुद्ध राहत नाही. गोठल्याने जंतू मरतात हा समज खोटा आहे. कावीळ, टायफॉईड आणि जुलाब यांना कारणीभूत ठरणारे विषाणू व जिवाणू बर्फात तग धरतात, आणि पेल्यातली दारू त्यांचा नायनाट करील हीही वेडी आशा आहे.

पाण्याबाबतही खरेदीपूर्वी विचार व्हायला हवा. बोअरवेलच्या जड पाण्याने बाष्पकावर, म्हणजे ज्या गार पत्र्यावर बर्फ जमतो त्यावर, क्षारांचा पांढरा थर चढतो, बर्फ वेळेवर सुटत नाही, चौकोन दुधाळ आणि अर्धवट येतात आणि वीज मात्र जास्त लागते. त्यामुळे पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) मोजून गाळणी ठरवावी. उलट आरओचे अगदी क्षारविरहित पाणी दिले, तर पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून पातळी ओळखणारी काही यंत्रे गोंधळतात, याची विचारणा विक्रेत्याकडे आधीच करावी. पाण्याने थंड होणाऱ्या कंडेन्सरची यंत्रे उकाड्यात उत्पादन टिकवतात हे खरे, पण बर्फासाठी लागणाऱ्या पाण्याच्या कितीतरी पट पाणी त्यात गटारात जाते. ज्या राज्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात तिथे ती बसवणे मला पटत नाही. त्यापेक्षा कंडेन्सर सावलीत बाहेर काढता येणारे यंत्र घ्यावे, किंवा निदान यंत्र भट्टीपासून दूर, भोवती मोकळी जागा ठेवून बसवावे. सांडपाण्याची नळी थेट गटाराला न जोडता मध्ये हवेचे अंतर ठेवावे, नाहीतर तुंबलेल्या गटाराचे पाणी पेटीत उलटते.

बर्फाचा आकार हा तुलनेने सोपा प्रश्न आहे. पेयांसाठी भरीव मोठा चौकोन हळू वितळतो, मासळी मांडायला भुगा बरा.

यंत्र निवडताना मी स्वतः सर्वाधिक महत्त्व देतो ते त्याच्या सफाईला. पाण्याची कुंडी आणि बर्फ पेटीत पडतो त्या वाटेवरचा पडदा पाना-पेचकस न घेता हाताने सुटतात का, हे दुकानातच उघडून पाहावे. मागच्या उन्हाळ्यात एका रेस्टॉरंटमध्ये बर्फाला वास येतो म्हणून मला बोलावले होते. पेटी वरून लखलखीत होती. पडदा काढला तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला गुलाबी, बुळबुळीत थर होता आणि प्रत्येक चौकोन त्याला घासून खाली पडत होता. यंत्र बसवल्यापासून पडदा एकदाही निघाला नव्हता, कारण तो काढायला आठ स्क्रू होते आणि मागे भिंत होती. किमान सहा महिन्यांतून एकदा, आणि जड पाणी असेल तर दोन-तीन महिन्यांनी, आधी क्षार काढणे व मग निर्जंतुक करणे गरजेचे आहे. स्कूप बर्फात खुपसून न ठेवता बाहेर झाकलेल्या डब्यात ठेवावा. पेल्याने बर्फ उपसणे तर पूर्ण बंद व्हावे, कारण पेटीत फुटलेली काच दिसत नाही.

माझी मागणी दोन ठिकाणी आहे. विक्रेत्यांनी 21 अंशांच्या आकड्याशेजारी 40 अंश हवा आणि 30 ते 35 अंश पाणी धरून येणारे उत्पादन तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावे. अनेक कंपन्यांकडे असे तक्ते तयार असतात, ते ग्राहकापुढे ठेवले जात नाहीत. आणि अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी परवाना व स्वयंपाकघर पाहून न थांबता आइस मशीनचा पडदा उघडायला सांगावा आणि सफाईची नोंदवही मागावी.

आपला नम्र,
एक शीतयंत्र तंत्रज्ञ, नागपूर