दिवाणावरची सतरा पुस्तकं आणि आमच्या बाई

बाई, सलाम.

आमच्या घरचं बायबल वाचन तुम्ही मार्गी लावलं त्याबद्दल फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय" म्हणता आणि लगेच पोरांच्या परीक्षेचं विचारता, मग माझं बोलणं राहूनच जाते, म्हणून हे लिहून राहिली. आणि सगळ्यांना दिसेल असं मुद्दाम लिहून राहिली, कारण आपल्या चर्चच्या मंडळीतल्या निदान चार घरांत तरी आमच्यासारखंच चालू असेल, फक्त कोणी बोलत नाही.

तुम्हाला माहीतच आहे जानेवारीत काय झालं ते. मी मोबाईलवर वर्षभरात अख्खं बायबल वाचायचा प्लॅन लावला. 1189 अध्याय, म्हणजे रोजचे तीन-सव्वातीन, आणि पहिला महिना बरा गेला, उत्पत्ती म्हणजे काय गोष्टीच गोष्टी, निर्गमही अर्ध्यापर्यंत पळालं, मग निवासमंडपाचे पडदे अन् कड्या अन् खुंट्या सुरू झाल्या आणि फेब्रुवारीत लेवीयमध्ये माझी गाडी जी रुतली ती रुतलीच. ॲप रोज सकाळी सांगे, तुम्ही बारा दिवस मागे आहात, मग बावीस दिवस मागे आहात, शेवटी मी नोटिफिकेशनच बंद करून टाकलं. वाचन होत नाही तर वाचनाची पुस्तकं तरी घेऊ असं माझं डोकं. एका कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मेळाव्यात, बाहेरगावच्या एका वक्त्याच्या स्टॉलवरून 2400 रुपयांचा सेट उचलला, घरी येऊन पाहते तर त्यातली दोन पुस्तकं आतून एकच, फक्त कव्हर वेगळं. ह्यांना आजपर्यंत सांगितलं नव्हतं, आता कळेल, जाऊ द्या.

मग मे महिन्यातला तो शनिवार. तुम्ही नागपुरातल्या सदरहून ऑटोनं भर उन्हात आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "काय काय आहे ते सगळं दिवाणावर मांड." मी लाजत लाजत मांडलं. सतरा निघाली. मोठं इंग्रजी स्टडी बायबल, लेकरांची चित्रांची तीन, रोजच्या मननाची सहा, लग्न कसं टिकवावं याची दोन, बाकी तो सेट. आणि तुम्ही पहिलं काम काय केलं तर कूलर बंद केला, मे महिन्यात, 45 डिग्रीत! म्हणे ह्या आवाजात तुम्ही एकमेकांचं ऐकता तरी कसे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की रात्री नऊ वाजता कूलरसमोर बसून मी वाचत होती आणि सासूबाईंना एक अक्षर ऐकू जात नव्हतं, त्या आपल्या अंदाजानं आमेन म्हणत होत्या.

तुम्ही एकेक पुस्तक मधूनच कुठूनतरी उघडायचं आणि माझ्या हातात द्यायचं, मोठ्यानं वाच. पान संपलं की तोच प्रश्न, "आता बायबल उघडावंसं वाटते, की हेच वाचून पोट भरलं?" बाई, खरं सांगते, पहिल्या दोन-तीन पुस्तकांना मी खोटंच उत्तर दिलं. मग चौथ्याला खरं बोलली. त्यात पूर्ण पानभर लेखकाचंच, त्याचं विमान, त्याची सभा, त्याला मिळालेला आशीर्वाद, आणि खाली कोपऱ्यात अर्ध वचन, तेही मधूनच तोडलेलं. सेटमधल्या एकावर तर तुम्ही चष्मा काढून म्हणाल्या, "ह्या माणसाला तुझ्या आत्म्यापेक्षा तुझ्या पर्सची काळजी जास्त दिसते." सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

सतरातली चार राहिली. स्टडी बायबल तुम्ही फेकायला लावलं नाही, हे मला आवडलं. म्हणाल्या हे घरच्या उपासनेत आणायचं नाही, हे तुझ्या एकटीचं, आठवड्यातून एकदा, काही अडलं तर पाहायला, नाहीतर तू वचन सोडून खालच्या टिपाच वाचत बसशील. अगदी तेच करत होती मी. आणि व्हॉट्सॲपवर रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर जे वचन येते त्याच्याबद्दलही तुम्ही रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, फॉरवर्ड करायच्या आधी त्याच्या वरची पाच अन् खालची पाच वचनं वाच. हे केल्यापासून माझे फॉरवर्ड पाव झाले. कितीतरी वचनं तर दुसऱ्याच कोणाला उद्देशून, दुसऱ्याच संकटात सांगितलेली निघतात.

आता भाषेचं. हे मी एकटीनं कधीच सोडवलं नसतं. पोरं दोन्ही इंग्लिश मीडियमची, पोरगी सातवीत, पोरगा तिसरीत, मराठी बोलतात फडाफडा पण जोडाक्षर आलं की पोरगा अडखळते आणि मग चिडते. सासूबाईंना त्यांच्या सासऱ्यांचं जुनं बायबल पाहिजे, पानं पिवळी, बाइंडिंग सुटलेलं, त्यातलं अर्धं तोंडपाठ. माझा हट्ट इंग्रजीत वाचू म्हणजे पोरांना कळेल. तुम्ही काही भाषण न देता तेविसावं स्तोत्र तिघांकडून वाचून घेतलं, सासूबाईंकडून जुन्यातलं, पोरीकडून इंग्रजी, माझ्याकडून सोप्या मराठीतलं. मग पोराला विचारलं, कोणतं कळलं? तो म्हणे, आजीचं ऐकायला भारी वाटलं पण कळलं मम्मीचं. झालं, ठरलं. आम्ही वाचतो सोप्या मराठीतलं, आणि पाठ करायचं असेल तर आजीच्यातलं.

तेव्हा तुम्ही पंडिता रमाबाईंचं सांगितलं ते मी त्यानंतर दहा जणींना सांगितलं असेल. एवढी संस्कृतची विदुषी बाई, आणि केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशन आश्रमातल्या बायापोरींना समजावं म्हणून हिब्रू अन् ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायला बसली, वर्षानुवर्षं, 1922 ला गेली तोपर्यंत तेच काम, आणि छापून पूर्ण आलं ते 1924 मध्ये. म्हणजे सोपी भाषा काही आजच्या पोरांचे लाड म्हणून नाही आली. मला उगाच वाटत होतं की सोपं वाचलं म्हणजे कमी भक्ती.

प्लॅनचंही तुम्हीच सोडवलं. स्कॉटलंडच्या डंडी गावचा तो तरुण पाळक, रॉबर्ट मरे मॅकशेन, त्यानं 1842 च्या शेवटी आपल्या मंडळीसाठी वर्षभराच्या वाचनाचा तक्ता केला, रोजचे चार अध्याय, आणि त्यातले दोन कुटुंबात वाचायचे, दोन एकट्यानं. माझ्यासाठी हीच मोठी गोष्ट होती, की घरचं वेगळं आणि माझं वेगळं असू शकते, मी एकाच वाचनात दोन्ही कोंबून राहिली होती म्हणून ना घर धड ना मी. आणि त्या माणसानं तक्त्यासोबतच धोकेही लिहून दिले होते, की नुसती रीत होऊन बसेल, वाचलं म्हणून गर्व चढेल, घाईघाईत डोळे फिरतील, आणि काहींना हे ओझं झेपणारच नाही. पुढच्याच मार्चमध्ये तो वारला, वय 29. तुम्ही लगेच जोडून दिलं की त्यानंतर दोनच वर्षांनी, 1845 मध्ये, स्कॉटलंडहूनच स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले, ज्यांच्या नावाचं आपलं कॉलेज. तुमचं हे असंच असते, कुठूनही सुरू करा, येऊन नागपुरातच थांबता.

मला काही चार अध्याय झेपले नाहीत हे आधीच सांगते. घरी आम्ही मार्कचं शुभवर्तमान घेतलं, सोळाच अध्याय, रोज एक प्रसंग, रात्रीच्या जेवणानंतर ताटं उचलायच्या आधी, कूलर बंद, दहा मिनिटं. वेळ जेवणाला बांधायला तुम्हीच सांगितलं, कारण घड्याळाला बांधलं की ह्यांची ड्युटी आडवी येते. वाचून झालं की एकच विचारायचं, आज येशूला कोणी काय मागितलं? पोरगा आंधळा बार्तीमय ऐकून म्हणे, त्यानं अंगरखा फेकून दिला मग परत सापडला का त्याला? आम्ही चौघं गप्प. मला वाटते त्या अंगरख्याचा विचार मी आठवडाभर केला.

एकटीसाठी स्तोत्रं. तारीख पाहायची, त्यात तीस तीस मिळवत जायचं, आज 5 तारीख तर 5, 35, 65, 95, 125, त्यातलं मन लागेल ते एक. ना ॲप, ना मागे पडायची भानगड, कारण उद्या तारीखच बदलते. फक्त 29 ला सांभाळून, त्या दिवशी एकशे एकोणिसावं येते, 176 वचनांचं. पोरीला मी हे शिकवलं आणि तिनं पहिल्याच महिन्यात 29 ला तेच उघडलं, अर्ध्यावर येऊन म्हणे, मम्मी हे संपत का नाही.

आता ह्यांचं. तुम्हाला आठवते, हे त्या शनिवारी आतल्या खोलीत मोबाईल पाहत बसले होते. लोको पायलट माणूस, म्हणजे रेल्वेचं इंजिन चालवणारा, रात्रीची ड्युटी करून आलेला, आणि तसेही उपासना म्हणजे बायकांचं काम असं बोलले नाही तरी वागणं तसंच. तुम्ही त्यांना बोलावलं नाही. फक्त आवाज जरा चढवून सासूबाईंना सांगत बसल्या, की 1893 मध्ये टिळक, म्हणजे आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक, तेव्हा ना रेव्हरंड ना ख्रिस्ती, रेल्वेनं राजनांदगावला निघाले होते, आणि डब्यात एक अनोळखी मिशनरी भेटला, गप्पा झाल्या, कवितेच्या गप्पा, आणि त्यानं जाताना नवा करार हातात दिला. 1895 मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंना यायला त्याच्यापुढे कितीतरी वर्षं लागली. "एवढ्या मोठ्या कवीला सेट नव्हता मिळाला," तुम्ही माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "एकच पुस्तक मिळालं होतं." सासूबाईंना तर टिळकांची गाणी उपासना संगीत या चर्चच्या गीतांच्या पुस्तकातल्या नंबरानिशी पाठ, त्या गुणगुणायलाच लागल्या.

आणि हे आतून उठून आले. दारात उभे राहून म्हणे, "कोणती लाईन? गोंदिया, डोंगरगडवाली? ती तर माझी लाईन आहे. तिच्यावरून मी आठवड्यातून तीनदा गाडी नेतो." मग बसले. तुमच्याशी बंगाल नागपूर रेल्वेवर अर्धा तास बोलले, वचनावर एक शब्द नाही, आणि तुम्हीही काढला नाही. तुमच्या जागी मी असती तर लगेच म्हटलं असतं, बसलेच आहात तर प्रार्थना करा. तुमचा तो धीर माझ्यात नाही.

सगळं काही छान झालं असं नाही. पोळ्याच्या आठवड्यात चार दिवस काहीच झालं नाही, पोरगी कधी कधी वाचन चालू असताना टेबलाखाली मोबाईल पाहते, सासूबाई प्रार्थना सुरू केली की संपवत नाहीत आणि ताटं तशीच पडून राहतात. वहीत तारखेसकट विनंत्या लिहायला सांगितल्या होत्या, डावीकडं मागणं, उजवीकडं उत्तर. डावीकडचं पान भरलं, उजवीकडं सहाच ओळी आहेत, त्यातली एक पोराची, "सायकलचं पंक्चर निघालं."

पण मागच्या मंगळवारी हे गोंदियाच्या रनिंग रूममधून, म्हणजे ड्रायव्हर लोकांच्या आरामाच्या खोलीतून, फोनवर बोलून राहिले होते, जेवले का, गॅस आला का, नेहमीचंच, आणि ठेवता ठेवता म्हणे, "आज कुठपर्यंत आले तुम्ही? मी दहाव्यात आहे, तो बार्तीमय झाला." मार्क आम्ही दुसऱ्यांदा सुरू केला ते मी ह्यांना सांगितलंच नव्हतं. घरी आले तेव्हा त्यांचा ड्युटीवर न्यायचा लाईन बॉक्स उघडून पाहिला, डबा, टॉर्च, झेंड्या, आणि डब्याखाली तुमचा तो खिशातला नवा करार, निळ्या कव्हरचा. तुम्ही कधी दिला हे मला अजून कोणी सांगितलं नाही.

आगमनकाळासाठी, म्हणजे नाताळाच्या आधीच्या दिवसांसाठी, लूकचं शुभवर्तमान घ्यायचं ठरलंय, चोवीस अध्याय आहेत तर 1 डिसेंबरपासून रोज एक म्हणजे 24 ला पूर्ण, पोरीनंच हिशोब केला. पहिल्या दिवशी तुम्ही जेवायलाच या. ह्यांची त्या दिवशी सुट्टी आहे, तुम्हाला घ्यायला सदरला तेच येतील. सेटमधली उरलेली पुस्तकं रद्दीत द्यायची की नाही ते तेवढं तेव्हा सांगा, पिशवीत भरून दाराशी ठेवली आहेत.

तुमची,
कूलर बंद करणारी