फुरसं चावलेल्या खंड्याच्या डॉक्टरांना

डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार.

खंड्याने आज दूधभाकरी खाल्ली. थोबाडावरची सूज जवळजवळ उतरलीय. त्या रात्री तुमच्याशी धड बोलताही आलं नाही, म्हणून आता लिहिते.

दोन्ही कुत्र्यांना घेऊन वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत किनाऱ्याने जायचं, जमेल तिथे तंबू ठोकायचा, असा बेत होता. भोगव्याच्या वाळूत चिंगी लाटांवर भुंकत नुसती उधळली होती. मिठबावच्या पुढे बागमालकाला विचारून काजूच्या झाडीत उतरलो. तिथल्या कातळावर फुरशी असतात, विषारी साप. हात-दीड हात लांब, दगडाच्या रंगाची, दिसतच नाहीत. खंड्याने दगडाशी नाक नेलं आणि केकाटत मागे आला.

मग फोनवर फोन. नावं घेत नाही. एकजण म्हणाला, सकाळी बघू. दुसरा म्हणाला, जनावरासाठी सापाच्या विषावरची लस वाया घालवत नाही. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, हिरड्यांतून रक्त येत होतं, आणि आम्हाला सकाळची वेळ मिळत होती! त्या दोघांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही एवढंच म्हणालात, ‘या, मी थांबतो.’ करूळ घाट चढलो. गगनबावड्यापासून पुढचे ५५ किलोमीटर मी खंड्याचं डोकं मांडीवर धरून होते. फुलेवाडी ओलांडून कोल्हापुरात आलो तर तुमच्या दवाखान्याचा दिवा खरंच चालू होता.

लस, सलाईन, नळीतलं रक्त २० मिनिटांत गोठतंय का ते बघणं, हे तुमचं शास्त्र. त्याने खंड्या वाचला. पण माझ्या मनातून जात नाही ती चिंगीची गोष्ट. ती गाडीत रडत होती. सलाईन लावता लावता तुम्ही म्हणालात, ‘तिला एकटीला कशाला ठेवलंय? आत घ्या की.’ आणि स्वतःचं घोंगडं काढून फरशीवर अंथरलंत, दोघांना पुरेल असं. कुणाला हात लावू न देणारा खंड्या चिंगी शेजारी येऊन पसरली तसा शांत झाला. तुम्हीही तिथंच, भिंतीला टेकून खाली बसलात. खुर्ची रिकामी होती.

२०१९च्या महापुरात आपल्याकडची कितीतरी माणसं दावणीची जनावरं सोडून बाहेर पडायला तयार नव्हती. त्यांना लोक वेडे म्हणाले. ती माणसं आणि तुम्ही एकाच मातीतले. मुक्या जिवालाही सोबत लागते, हे तुम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. अशी माणसं आहेत म्हणून आम्ही रात्री-अपरात्री कुणाचं तरी दार वाजवायचं धाडस करतो.

मिठबावच्या त्या बागमालकाला तुमचा नंबर दिलाय. त्याची दोन कुत्री फुरशानेच गेली. ‘जनावराला लस देतात होय?’ असं त्याने विचारलं. देतात म्हटलं, माणसाला देतात तीच. रात्री फोन केला तरी डॉक्टर उचलतील, असंही सांगितलंय.

आपली,
खंड्या आणि चिंगीची आई