टोपलं देणाऱ्या दादांना

परवा पहाटे ऑलिव्ह रिडले कासवाचं घरटं सर्वांत आधी दिसलं ते रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला आलेल्या एका दादांना. घाईत त्यांचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे जाहीर आभार.

घरटं भरतीरेषेच्या खाली होतं. पाणी शिरलं असतं तर अंडी गुदमरली असती. दादांनी कुतूहलापोटीही वाळू उकरली नाही. भोवती काठ्या रोवल्या आणि आम्ही पोहोचेपर्यंत कुत्री हाकलत उभे राहिले. उत्साही माणसं नेमकी इथेच चुकतात. अंडी घातल्यावर काही तासांत गर्भ आतून कवचाला चिकटतो. मग अंडं फिरलं की तो मरू शकतो.

आमची बादली अपुरी पडली, तेव्हा त्यांनी आपलं मासळीचं टोपलं घासून धुतलं, तळाशी घरट्यातलीच ओली वाळू पसरली. ११८ अंडी, वरची बाजू वरच ठेवून, एकेक करून हलवली. हॅचरीत, म्हणजे अंडी जपायच्या सुरक्षित जागेत, दीड फूट खोल, सुरईसारखा खड्डा केलाय. तोंड अरुंद, तळ रुंद.

दादा, मासळी मग कशातून नेलीत कोण जाणे! टोपलं आमच्याकडेच आहे. पिल्लं साधारण ५० दिवसांनी निघतील, तेव्हा न्यायला याल ना?