स्मॅश घ्यायलाही शिकवा

संपादक महोदय,

बॅडमिंटनच्या उन्हाळी शिबिरांत स्मॅश, म्हणजे शटल वरून जोरात खाली, मारायला मुलांची रांग लागते. समोरून आलेला स्मॅश घ्यायचा, म्हणजे परतवायचा, सराव कुणी मागत नाही. भारताचा दुहेरीतला खेळाडू सात्विकसाईराज रंकीरेड्डी याचा २०२३ मधला ताशी ५६५ किलोमीटरच्या स्मॅशचा विक्रम मात्र सगळ्यांना पाठ. तो सामन्यातला नव्हे, जपानमधल्या चाचणीतला, आणि वेग मोजला तो रॅकेटवरून सुटतानाचा. पिसांना हवा इतकी अडवते की शटल आपल्यापर्यंत येताना बरेच मंदावलेले असते. म्हणजे घेणाऱ्याला वाटतो त्यापेक्षा जास्त वेळ असतो. तो वाया जातो चुकीच्या उभे राहण्यात.

घाबरलेला खेळाडू मागे सरकतो. सपाट स्मॅशला ते चालते. तीव्र उताराचे शटल मात्र मागे उभ्या खेळाडूच्या बुटांपाशी पोचते आणि तिथून फक्त उचलता येते. अर्धे पाऊल पुढे असलात तर तेच कमरेजवळ मिळते. अर्थात आपली लिफ्ट, म्हणजे उंच उचलून मागे मारलेले शटल, समोरच्या कोर्टाच्या मध्यातच पडली असेल, तर पुढे सरकूनही काही हाती लागत नाही. लिफ्ट त्या कोर्टाच्या मागच्या दोन रेघांमधल्या ७६ सेंटिमीटरच्या पट्ट्यात पडली की स्मॅशचा उतार आपोआप कमी होतो. बचावाची निम्मी लढाई तिथेच.

उजव्या हाताने खेळणारे अनेकजण उजव्या कुशीवर आलेल्या स्मॅशला अडकतात. कारण एकच: कोपर बरगडीला चिकटलेले. ते वीतभर पुढे काढले की बॅकहँडनेच उजव्या कुशीपर्यंतचे सगळे घेता येते. अंगठा ग्रिपच्या रुंद बाजूवर, वजन चवड्यांवर, रॅकेट पोटासमोर. मूठ सैल, आवळायची ती ड्राइव्ह (सपाट, वेगवान फटका) किंवा लिफ्ट मारताना, शटल लागते त्या क्षणी. ब्लॉकला, म्हणजे शटल हलकेच नेटपलीकडे टाकायला, तेवढेही नको. रॅकेट मागे न नेता तिचे तोंड किंचित वर ठेवून शटल नुसते लागू द्यावे. हाताने ढकलले की ते नेटवर उंच तरंगते आणि समोरच्याला आयते मिळते.

सरावही महागडा नाही. प्रशिक्षकाने नेटपलीकडे स्टुलावर उभे राहून जुनी शटले खाली मारावीत, एका फेरीत पंधरा-वीस. पहिला आठवडा फक्त ब्लॉक, मग लिफ्ट, ड्राइव्ह सगळ्यात शेवटी. शिबिरांच्या वेळापत्रकात यासाठी रोज वीस मिनिटे आहेत का, हे पालकांनी फी भरण्याआधी विचारावे.

— एक बॅडमिंटन प्रशिक्षक, पुणे