काटोलच्या दगडाला एकच वय नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात २२ मे २०१२ रोजी आकाशातून दगड पडले. त्यांच्याविषयीच्या लिखाणात ‘साडेचार अब्ज वर्षे जुना दगड’ हे शब्द हमखास येतात. विधान खोटे नाही. पण दगडातली सारी खनिजे एकाच वेळी आणि एकाच रीतीने घडली असा समज त्यातून होतो, तो चुकीचा आहे. (जमिनीवर पोचलेल्या अशा दगडाला उल्का नव्हे, अशनी म्हणतात, ही जुनी तक्रारही येथेच नोंदवतो.)

सूर्यमालेत घडलेली सर्वांत जुनी ज्ञात खनिजे पाहायची तर १९६९ मध्ये मेक्सिकोत पडलेल्या आयेंदे अशनीतील पांढुरके ठिपके पाहावेत. त्यांचे वय सुमारे ४५६.७ कोटी वर्षे आहे. बालसूर्याभोवतीच्या वायूत दाब इतका कमी होता की तो निवताना बहुतांशी द्रव न होताच त्याचे घन कण बनले. माणिक आणि नीलम ही ज्याची रत्नरूपे तो कुरुंद, तसेच स्पिनेल, मेलिलाइट अशी कॅल्शियम-ॲल्युमिनियमयुक्त, उष्णता सोसणारी खनिजे आधी अवतरली; ऑलिव्हिन आणि लोह-निकेल त्यानंतर, तापमान आणखी उतरल्यावर. पुढच्या काही दशलक्ष वर्षांत धुळीचे गोळे अकस्मात वितळून काही तासांत वा दिवसांत गोठले आणि काँड्रूल नावाचे मिलिमीटरभर आकाराचे मणी तयार झाले. ते कशाने वितळले, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही.

काटोलचा दगड अशा मण्यांनी बनलेल्या अशनींच्या एल-६ गटातला आहे; ‘एल’ म्हणजे लोहाचे प्रमाण कमी असलेला. यातील ६ हा आकडा महत्त्वाचा, कारण तो सांगतो की हे मणी ज्या लघुग्रहात गोळा झाले तो आतून सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापला होता. ही उष्णता मुख्यतः ॲल्युमिनियम-२६ या किरणोत्सारी अणूंची. त्यांचा अर्धायुकाल जेमतेम ७ लाख वर्षांचा, म्हणून ही भट्टी लघुग्रह लवकर जमला तरच पेटते. तिच्यात मण्यांच्या कडा पुसट झाल्या आणि फेल्डस्पारचे नवे, ठळक कण वाढले. हे कण वायूतून आलेले नाहीत. ते दगडातच शिजलेले आहेत.

आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२१ मध्ये याच दगडात ब्रिजमनाइट सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा ‘पृथ्वीच्या पोटातले खनिज’ असा त्याचा गाजावाजा झाला. पृथ्वीत ते साधारण ६६० किलोमीटरखाली असते हे खरे. काटोलमधले मात्र पृथ्वीतून आलेले नाही. शिजून तयार झालेल्या त्या लघुग्रहावर पुढे कधीतरी दुसरा खडक आदळला, वातावरणाच्या दोन लाख पटींहून अधिक दाबाखाली दगडात वितळलेल्या बारीक शिरा पडल्या, आणि त्या इतक्या झटपट गोठल्या की त्यांत बनलेल्या ब्रिजमनाइटला कमी दाबाच्या रूपात बदलायला वेळच मिळाला नाही. म्हणजे दगडातले हे बहुचर्चित खनिज शेजारच्या ऑलिव्हिनपेक्षा वयाने लहान आहे.

आपला,
भूविज्ञानाचा एक निवृत्त शिक्षक, नागपूर